नार्वे हे नाव यंत्रात कसे टिकते?

आमच्या गावाचे नाव एकदा नदी ओलांडून आलेले आहे. मूळचे नार्वे दिवाडी बेटावरचे. तेथील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात पाडले गेले, तेव्हा भाविकांनी देव मांडवीच्या अलीकडे, डिचोलीच्या बाजूस आणला आणि देवाबरोबर गावाचे नावही इकडे आले. पुढे 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. शके 1590 चा उल्लेख असलेला देवनागरी शिलालेख त्याची साक्ष देतो. नदी ओलांडताना नावाचे एक अक्षरही झिजले नाही. त्याच नावाचा रोमन लिपीत प्रवेश झाला तेव्हा मात्र ते 'नारोआ' झाले. डिचोलीचे 'बिचोलिम' झाले, पेडण्याचे 'पेर्नेम' झाले. लिपी बदलली म्हणजे नावाला काय सोसावे लागते, हे गोमंतकीय वाचकांस निराळे सांगावयास नको.

या लेखात आम्ही आणखी एका स्थलांतराचा विचार करणार आहोत. ते म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाणाऱ्या मराठी अक्षराचे. या प्रवासात आपली अक्षरे पुष्कळ वर्षे बुडत होती, आणि ती तरली याचे श्रेय वरवर अगदी रुक्ष वाटणाऱ्या काही निर्णयांना आहे. 'अमुक सॉफ्टवेअर लायब्ररीने युनिकोड हे डिफॉल्ट केले' अशा धर्तीचे हे निर्णय. या वाक्यातील एकेक शब्द उलगडून पाहू.

मूळ अडचण संगणकाहून फार जुनी आहे आणि तिची पहिली नोंद गोव्यातच झालेली आहे. गोव्यात छापखाना 1556 साली आला. त्यानंतर काही दशकांनी येथे राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले, परंतु रोमन लिपीत. याचे कारण त्याच्या 1608 च्या एका पत्रात सापडते. देशी लिपीत ग्रंथ छापावे अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती, पण युरोपात जेथे चोवीस साचे पुरतात तेथे या लिपीस सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील, आणि ते अशक्य वाटले. प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या पत्राची दखल घेतलेली आहे. मराठी भाषेला देवनागरी खिळा मिळावयास त्यानंतर जवळजवळ दोन शतके जावी लागली. बंगालमधील सेरामपूर येथे 1805 साली विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले, त्यात तो दिसतो.

संगणक आला तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात पुढे उभा राहिला. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला केवळ संख्या ठाऊक असते. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत 1963 साली 'आस्की' नावाची अशी क्रमवारी ठरली. तीत 128 जागा होत्या. रोमन मोठ्या ए ला 65 हा क्रमांक मिळाला, बी ला 66, आणि याप्रमाणे पुढे. पुढे एका बाइटात मावणाऱ्या 256 जागा वापरात आल्या. सहाशे साच्यांची लिपी 256 जागांत बसवावयाची कशी? स्टीफन्सचे कोडे साडेतीनशे वर्षांनंतरही सुटलेले नव्हते.

त्यावर आपल्याकडे दोन उपाय झाले. एक शास्त्रशुद्ध होता. पूर्ण जोडाक्षरांना जागा न देता मूळ वर्ण, स्वरचिन्हे आणि हलन्ताचे चिन्ह एवढ्यांनाच क्रमांक द्यावयाचे व जोडणीचे काम यंत्रावर सोपवावयाचे, हा तो विचार. भारतीय मानक संस्थेने 1991 साली 'इस्की' या नावाने त्याचे प्रमाण ठरविले आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने तो विचार संगणकांत उतरविला. दुसरा उपाय बाजारातला होता. संगणकाला इंग्रजीच लिहितो आहोत असे भासवावयाचे आणि रोमन अक्षराच्या जागी मराठी आकृतीचा फॉन्ट बसवावयाचा. फाइलीत साठविलेले असते रोमन अक्षर. पडद्यावर दिसतो 'क'. छपाईला हा उपाय फार सोयीचा पडला. मराठी वृत्तपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका वर्षानुवर्षे अशाच फॉन्टांवर निघाल्या, हे कबूल केले पाहिजे. पण प्रत्येक कंपनीच्या फॉन्टाची मांडणी वेगळी. एकाचा 'क' दुसऱ्याचा 'ध' होई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसे. शोध घ्यावा तर संगणक म्हणे, असा शब्दच येथे नाही. आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही होते!

युनिकोडचा पहिला खंड 1991 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णाला एक आणि एकच क्रमांक, मग यंत्र कोणतेही असो, कंपनी कोणतीही असो, हे त्याचे सूत्र. देवनागरीला सलग 128 जागांचा एक विभाग मिळाला आणि त्याची मांडणी इस्कीच्या आधीच्या, 1988 च्या मसुद्यावरून घेतली गेली. मराठी, कोंकणी, हिंदी, संस्कृत व नेपाळी या भाषांची देवनागरी एकाच विभागात नांदते. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणीसाठी देवनागरी लिपी ठरविली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही मुभा ठेवली. या दोन्ही भाषांचे कागद येथे त्याच क्रमांकांवर चालतात.

आता आमच्या गावाचे नाव घेऊ. डोळ्यांना 'नार्वे' मध्ये दोन अक्षरे दिसतात, 'ना' आणि 'र्वे'. युनिकोडच्या हिशेबात मात्र ती सहा चिन्हे आहेत: न (2344), काना (2366), र (2352), हलन्त (2381), व (2357) आणि एक मात्रा (2375). येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. रफार आपण लिहितो 'व' च्या डोक्यावर, म्हणजे 'व' काढून झाल्यावर. परंतु साठवणुकीत तो 'व' च्या आधी आहे, कारण उच्चारात तो आधी आहे. 'डिचोली' मध्ये उलट होते. ऱ्हस्व वेलांटी हाताने आपण 'ड' च्या आधी काढतो, पण तिचा क्रमांक 'ड' नंतर येतो, कारण 'ड' उच्चारल्यावाचून 'इ' त्यात मिसळणार कोठून? युनिकोडने हाताचा क्रम न धरता जिभेचा क्रम धरला. प्राचीन वैयाकरणांना हा निर्णय आवडला असता, असे आम्हांस वाटते. मग हे क्रमांक पाहून रफार वर चढविणे व वेलांटी डावीकडे नेणे हे काम फॉन्ट आणि संगणकातील रेखाटनाची यंत्रणा मिळून करतात. विंडोज 2000 या प्रणालीबरोबर 'मंगल' नावाचा देवनागरी फॉन्ट आला. तो मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता.

येथपर्यंत सारे सुरळीत वाटते. 1991 साली क्रमांक ठरले, 2000 साली फॉन्टही आला. मग मराठी माणसाच्या पडद्यावर त्यानंतरही पुष्कळ वर्षे प्रश्नचिन्हांच्या रांगा का दिसत होत्या? याचे उत्तर लायब्ररी आणि डिफॉल्ट या दोन शब्दांत आहे.

लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. घर बांधणारा प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी लाकूड तासून स्वतः करीत बसत नाही. तयार चौकटी आणून बसवितो. संगणकाची आज्ञावली लिहिणाराही खिडकी, बटण, यादी, मजकुराची चौकट हे सारे तयार घेतो. अशा तयार भागांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. काही लायब्ररी अशा असतात की, एकदा लिहिलेली आज्ञावली त्यांच्या आधाराने विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. अशांपैकी एक 'डब्ल्यूएक्सविजेट्स'. ज्युलियन स्मार्ट यांनी 1992 साली एडिंबरो विद्यापीठात तिचा आरंभ केला. तेव्हा तिचे नाव 'डब्ल्यूएक्सविंडोज' होते. ते 2004 साली बदलले. आवाजाचे ध्वनिमुद्रण व संपादन करण्यासाठी जगभर वापरली जाणारी 'ऑडॅसिटी' ही आज्ञावली याच लायब्ररीवर उभी आहे.

या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या दोन रीतींनी बांधता येत. एक 'अँसी' रीत आणि दुसरी युनिकोड रीत. अँसी रीतीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि त्या बाइटाचा अर्थ त्या त्या संगणकाच्या स्थानिक तक्त्यावरून लावावयाचा. विंडोजमध्ये पश्चिम युरोपच्या भाषांसाठी 1252 क्रमांकाचा तक्ता होता, रशियन व तत्सम भाषांसाठी 1251 क्रमांकाचा, थाई भाषेसाठी 874 क्रमांकाचा. देवनागरीसाठी असा तक्ता नव्हताच; विंडोजमध्ये मराठी व कोंकणी या भाषा केवळ युनिकोडमधूनच आल्या. परिणाम असा की, अँसी रीतीने बांधलेल्या आज्ञावलीत जर्मन मनुष्याचे नाव ठीक उमटे, रशियन गृहस्थाचे त्याच्या स्वतःच्या यंत्रावर ठीक उमटे, परंतु 'नार्वे' लिहिले की तक्त्यात न सापडलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह येई. सहा चिन्हे, सहा प्रश्नचिन्हे.

यातील खरी हानी ध्यानी घ्यावयास हवी. जुन्या फॉन्टातील मजकूर विस्कटलेला दिसला तरी आत काही तरी असते. योग्य फॉन्ट आणला की तो पुन्हा वाचता येतो. प्रश्नचिन्हांचे तसे नाही. ती एकदा फाइलीत साठविली गेली की मूळ नाव कायमचे गेले. 'नार्वे' ची सहा प्रश्नचिन्हे आणि 'डिचोली' ची सहा प्रश्नचिन्हे यांत काहीही भेद उरत नाही.

मग आज्ञावली लिहिणारे युनिकोड रीतच का वापरीत नसत? दुष्टपणा म्हणावा तर तोही नव्हे. युनिकोड रीतीसाठी आज्ञावलीतील प्रत्येक शब्दावलीभोवती एक विशेष खूण घालावी लागे. ती एके ठिकाणी विसरली की युनिकोड रीतीने बांधणी अडे. अँसी रीतीने मात्र निमूटपणे होऊन जाई. शिवाय विंडोज 95 व 98 या प्रणालींवर युनिकोड आज्ञावली जादा आधाराविना चालत नसत, म्हणून पुष्कळांना अँसी रीत सोडवेना. आणि सर्वांत मोठे कारण हे की, लेखक बहुधा युरोपात वा अमेरिकेत बसलेला असे. त्याच्या पडद्यावर सारे नीट दिसे. आमची प्रश्नचिन्हे त्याने कधी पाहिलीच नव्हती.

पंगतीचा दृष्टांत घेऊ. पंगतीत भात न मागता पानावर पडतो. परंतु यजमानाने मागितल्याशिवाय न वाढण्याचे ठरविलेला पदार्थ वाढप्याला हाक मारूनच मिळवावा लागतो, आणि संकोची पाहुणा तो न खाताच उठतो. कोणी काही न सांगता जे घडते, त्याला संगणकाच्या परिभाषेत डिफॉल्ट म्हणतात. युनिकोड असे मागून घेण्याच्या पदार्थासारखे होते. ज्याला हवे त्याने मागून घ्यावे. आणि ज्याला त्याची गरज होती तो मराठी वापरकर्ता तर पंगतीलाच बसलेला नव्हता. त्याच्या वतीने मागणार कोण?

डब्ल्यूएक्सविजेट्सच्या 2.9 या आवृत्तिमालेत, जिचा पहिला खंड 2009 साली निघाला, ही स्थिती पालटली. दोन रीतींचे एकत्रीकरण झाले, युनिकोड हेच गृहीत धरले गेले, आणि ती विशेष खूण घालण्याचे बंधन राहिले नाही. साधी लिहिलेली शब्दावली लायब्ररी आपणहून युनिकोडमध्ये उतरवून घेऊ लागली. 2013 च्या नोव्हेंबरात 3.0 ही स्थिर आवृत्ती आली. आता देवनागरीचा विचार कधीही न केलेला, मराठी नावाची भाषा आहे हेदेखील ठाऊक नसलेला एखादा मनुष्य आज्ञावली लिहितो, आणि तिच्या चौकटीत 'नार्वे' लिहिले तर 'नार्वे' च उमटते. आमच्या मते या निर्णयाचे मोल येथे आहे. जी भाषा चालण्यासाठी कोणाला तरी तिची आठवण राहावी लागते, ती भाषा यंत्रात पाहुणी असते.

हा बदल एकाच लायब्ररीत झाला असे नाही. 'क्यूटी' या दुसऱ्या बहुप्रणाली लायब्ररीने 1999 च्या 2.0 आवृत्तीतच आपल्या शब्दावली युनिकोडवर नेल्या होत्या. शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या 'पायथन' या संगणकभाषेने 2008 च्या डिसेंबरात आलेल्या 3.0 आवृत्तीत हेच केले. जुन्या पायथनमध्ये साधेपणाने 'नार्वे' लिहून त्याची लांबी विचारली तर, फाइल यूटीएफ-8 रीतीने साठविलेली असल्यास, उत्तर 18 येई. नव्या पायथनमध्ये ते 6 येते. हे 18 कोठून आले, ते सांगितले पाहिजे.

युनिकोड केवळ क्रमांक देतो; तो क्रमांक बाइटांत कसा साठवावा याच्या रीती वेगळ्या. त्यांपैकी यूटीएफ-8 ही सर्वांत रूढ. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका खानावळीत, ताटाखाली अंथरलेल्या कागदावर तिची आखणी केली अशी हकीकत आहे. या रीतीत इंग्रजी अक्षर पूर्वीप्रमाणे एकाच बाइटात राहते, म्हणून जुन्या इंग्रजी फाइलींना धक्का लागत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइटांचे होते. 'न' म्हणजे 224, 164, 168. सहा त्रिके अठरा. हेच अठरा बाइट एखाद्या जुन्या आज्ञावलीने पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचले तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चार कान फुटलेले एक वर्तुळ यांची माळ उमटते. अशी माळ ज्यांनी पाहिली असेल त्यांनी समजावे की मजकूर शाबूत आहे. वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा धरला आहे.

तिप्पट जागा लागते हा आक्षेप एके काळी गंभीर होता. इस्कीत तेच चिन्ह एका बाइटात मावे. आज साठवणीचे मोल उतरल्यामुळे आक्षेपाची धार गेली, तरी त्यातून निघणारी एक अडचण अजून भेटते. एखाद्या नमुना-अर्जात नावासाठी 30 बाइटांची जागा राखलेली असेल तर इंग्रजी तीस अक्षरे सुखाने मावतात. 'सप्तकोटेश्वर' हे नाव बारा चिन्हांचे, म्हणजे 36 बाइटांचे. तिसाव्या बाइटावर कात्री लागली की उरते 'सप्तकोटेश्'. वर देणाऱ्या देवाच्याच नावातला 'वर' नाहीसा होतो! लायब्ररीने युनिकोड गृहीत धरले तरी आज्ञावली लिहिणारा बाइट मोजतो की चिन्हे मोजतो, हे त्याच्याच हाती राहते.

मोडी लिपीने तर अधिक कसोटी पाहिली. प्रारंभी युनिकोडच्या कर्त्यांना वाटले होते की 65,536 क्रमांक जगाला पुरतील. विंडोजने त्याच मापाची, सोळा बिटांची अक्षरपेटी निवडली. 1996 च्या 2.0 खंडात ही मर्यादा ओलांडण्याची सोय करावी लागली. मोडीला 2014 साली, 7.0 खंडात, जागा मिळाली ती या मर्यादेच्या पलीकडे: मोडीतील 'क' चा क्रमांक 71182 आहे. विंडोजवर हे एक अक्षर दोन पेट्यांत विभागून ठेवावे लागते, लिनक्सवर पेटी बत्तीस बिटांची असल्यामुळे एकीतच मावते. म्हणजे तीच लायब्ररी, तीच आज्ञावली, तेच अक्षर. तरी मोजणी एका प्रणालीवर दोन आणि दुसरीवर एक येऊ शकते. अनेक प्रणालींना एकत्र नांदविणाऱ्या लायब्ररीच्या कर्त्यांची डोकेदुखी यावरून कळावी.

मराठीच्या स्वतःच्या काही गरजाही उशिरा भागल्या. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा 2008 साली 5.1 खंडात मिळाली. 2009 साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण ठरविले. मराठी विकिपीडिया त्यापूर्वीच, 1 मे 2003 रोजी सुरू झालेला होता. त्यावरील लेख कोणत्याही संगणकावर वाचता व शोधता येतात ते या क्रमांकांमुळेच. छापखान्यांत व शाळांत जुन्या फॉन्टांत पडून असलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावलीही उपलब्ध आहेत. त्यांची सर्वाधिक त्रेधा उडते ती अर्थातच रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्यापाशी, कारण जुन्या फॉन्टांत हाताचा क्रम साठविलेला असे आणि येथे जिभेचा क्रम हवा. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी रूपांतरानंतर 'नार्वे' आणि 'डिचोली' हे दोन शब्द प्रथम तपासावे. ते दोन्ही नीट उतरले असतील तर निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

एक प्रयोग विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. संगणकावरील यादीत गोव्यातील दहा-बारा गावांची नावे देवनागरीत लिहावी, त्यांत वास्को आणि वाळपई ही दोन अवश्य असावी, आणि यादी अकारविल्हे लावण्यास सांगावे. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमवारीत तो 'ल' ला लागूनच, 'व' व 'स' यांच्या आधी बसविलेला आहे. वास्को आधी आले तर त्या आज्ञावलीला मराठी वर्णमाला ठाऊक आहे. वाळपई आधी आले तर तिने केवळ क्रमांक पाहिले, आणि मराठी वर्णक्रम तिला निराळा सांगावा लागेल.